उसनी कढई आणि नाशिकचे तीन दिवस

आजीला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी नात्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा हार घातलेला फोटो आला. खाली लिहिलं होतं, ‘मायाळू, सोशिक, शांत’. आईने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "हे कुणाबद्दल आहे गं?"

सोशिक ती कधीच नव्हती. शांत तर झोपेतसुद्धा नसायची. मायाळू होती, पण ती माया पातेल्यासारखी उसनी न्यायची आणि घासूनपुसून वेळेत परत करायची, असा हिशेब होता. पुढच्याच आठवड्यात तिची जुन्या नाशकातली खोली रिकामी करायला आम्ही निघालो. वाडा बिल्डरकडे चालला होता आणि महिनाअखेर किल्ल्या द्यायच्या होत्या. मामा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये राहतो, आजीही शेवटची पाचेक वर्षं तिथेच होती. तिवंध्याच्या खोलीची किल्ली मात्र तिने कमरेची सोडली नाही. खोलीत माणूस राहत नव्हतं. राहत होती ती भांडी.

मंगळवार

वाकडेवाडीहून सकाळची एसटी. आईने अर्धं तिकीट काढलं आणि दर वेळेसारखी खूश झाली. हा गुण थेट आजीचा. पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली ती ऑगस्ट २०२२ मध्ये. आजी तेव्हा चौऱ्याऐंशीची. त्यानंतर ती काही काम नसताना दोनदा सिन्नरला जाऊन आली. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो, ती तिकिटं तिने गोळ्यांच्या डबीत जपून ठेवली होती. "सरकारकडून आलेली एकच गोष्ट," म्हणायची.

नारायणगावला चहा, संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरी घाटात आईला डुलकी, सिन्नरला उन्हं चढलेली. प्रवासाबद्दल एवढंच. दोनशे दहा किलोमीटरला साडेपाच तास लागले, त्यातला एक चाकणच्या ट्रॅफिकने खाल्ला.

मावशी आमच्याआधीच वाड्यात पोचली होती. कुलूप उघडायला तेल घालावं लागलं. आत शिरल्यावर आधी चिंचेचा वास आला, मग ओल्या मातीचा, मग उंदरांचा. खिडकीचा एक गज निखळला होता. त्या खिडकीतून खाली जो चौक दिसतो तिथे जमिनीखाली रहाड आहे. म्हणजे हौद, पेशवाईतला, दगडी, रंगाचा. वर्षभर ती बुजवलेली असते, वरून रिक्षा जातात आणि खाली काय आहे ते परक्याला कळतही नाही. रंगपंचमीला उघडतात. तिवंध्याच्या रहाडीचा रंग पिवळा. त्यात धप्पा मारून आलेला माणूस पुढचे चार दिवस काविळीतून उठल्यासारखा दिसतो. आजी त्या दिवशी खिडकीत बसून कोणाकोणाची मुलं उडी मारतायत ते बघायची आणि संध्याकाळी घरोघरी जाऊन सांगायची.

दुपारभर आम्ही फडताळं उपसली. घंगाळ, बंब, तीन हंडे, कळशा, परात, सतेली, चरव्या, ओगराळी, पंचपात्रं. निम्म्या वस्तूंची नावं मला आईला विचारावी लागली. प्रत्येकावर नाव. भांडी बाजारात नाव घालून देणारे बसतात. आता मशीन आहे, तेव्हा छिन्नी आणि छोटी हातोडी असायची. कडेला टिकटिक करत बारीक ठिपक्यांनी अक्षरं उठायची. आजीचं म्हणणं होतं की नाव न घातलेलं भांडं दारातून बाहेर गेलं की ते गावाचं होतं. माझ्या बारशाचं फुलपात्र सापडलं. नावातला अनुस्वार कारागिराने खाल्लाय. आजीने म्हणे त्याबद्दल त्याचे चार आणे कापले होते.

आजोबांचं नाव सगळ्यात जास्त भांड्यांवर. ते नाशिकरोडला प्रेसमध्ये होते, नोटा छापतात त्या. आजी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "दिवसभर नोटा छापतात आणि वीस तारखेला माझ्याकडे दहा रुपये मागतात." तिचं स्वतःचं नाव एकाच तांब्यावर होतं, तेही माहेरचं, लग्नात तांदळात बदलून टाकलेलं. त्या नावाने तिला हाक मारणारं कोणी आमच्या पाहण्यात नव्हतं. ते इथे लिहिलं असतं, पण तांब्या मावशीने नेलाय आणि तिने बजावलंय.

एका वेळणीवर भलतंच नाव निघालं. ‘सौ.’ आणि पुढे ओळखीचं वाटणारं आडनाव. "कुठल्या तरी रुखवतातली आली असेल," मावशी म्हणाली आणि वेळणी मोडीच्या पोत्यात गेली.

मग वही सापडली. लाल कापडी पुठ्ठ्याची लांबट चोपडी, उसनवारीची. लग्नमुंजीला, सत्यनारायणाला गल्लीतले लोक आजीची मोठी भांडी न्यायचे. ती पैसे घेत नसे. नोंद मात्र घ्यायची: काय, कोणी, कधी, परत येताना चेमटलंय का. परत आलं की समोर बरोबरची खूण. पुष्कळ नोंदींना तारीख नाही, सण आहे. ‘नागपंचमीच्या आदल्या दिवशी’. मोठ्या अंतरासाठी सिंहस्थ. आजी आयुष्य बारा-बारा वर्षांच्या मापाने मोजायची. गुरू सिंहेत गेला की मुहूर्त नसतात, म्हणून १९५६ च्या सिंहस्थाआधी घाईघाईत तिचं लग्न उरकलं होतं. १९६८ च्या वेळी मामा पोटात. २००३ ला गुडघे गेले, २०१५ ला तिने मोबाइलवर शाहीस्नान बघितलं आणि म्हणाली, "पुढचा बघते की नाही कोण जाणे." पुढचा २०२७ चा.

अख्ख्या वहीत खूण नसलेली नोंद एकच. ‘पितळी कढई मोठी, झाऱ्यासह. वरची माडी. सिंहस्थ, १९८०.’

ही कढई आम्ही जन्मभर ऐकलेली. कोणाच्याही लग्नात, बारशात, दहाव्यातसुद्धा विषय तिथे यायचाच. वरच्या माडीवरच्या काकूंकडे सिंहस्थाला पाहुणे आले, त्यांनी कढई नेली, पुढे त्यांना सिडकोत घर मिळालं आणि कढई घर बदलून गेली. "मागून का नाही आणलीस?" असं विचारलं की आजी डोळे वटारायची. "मी मागायची? तिला लाज नको?"

कोनाड्यात एक कप होता. चिनीमातीचा, कान तुटलेला. घरातली बिनानावाची ती एकच वस्तू. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा कप. त्यांना चहा त्यातूनच मिळायचा, आणि त्या तो स्वतः विसळून कोनाड्यात ठेवायच्या. आजीची हजार पानी आठवण काढताना हे पान गाळता येत नाही. आई सोळा वर्षांची असताना एक दिवस मुद्दाम त्याच कपातून सगळ्यांसमोर चहा प्यायली. आजी काही बोलली नाही. मला वाटायचं या गोष्टीत पुढे काहीतरी असेल, आजी बदलली वगैरे. आईला परत विचारलं. "दुसऱ्या दिवशी कप होता तिथेच होता," ती म्हणाली. तिने तो कागदात गुंडाळला आणि स्वतःच्या पिशवीत ठेवला. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

बुधवार

सकाळी मावशी टेंपो करून मोडीची पोती भांडी बाजारात घेऊन गेली, आई आणि मी गंगेवर. नाशकात गोदावरीला गोदावरी कोणी म्हणत नाही. जानेवारीचा गारठा होता, तोंडातून वाफा निघत होत्या. तरी रामकुंडात उभ्या माणसांना काही नव्हतं. दशक्रियेला आलेली माणसं, त्यांचे ताजे गोटे, कावळ्यांची वाट बघणं. मामाने वर्षश्राद्ध तिथीने आधीच केलं होतं, त्यामुळे आम्हाला काम काही नव्हतं. आम्ही दुतोंड्या मारुतीपाशी गेलो.

आजीचं खरं दैवत हा. दोन्हीकडे तोंड करून नदीत उभा. पावसाळ्यात धरणातून पाणी सोडलं की शहर त्याच्यावरून पूर मोजतं: पायाला लागलं, गुडघ्याला, कमरेला, छातीला. १९६९ च्या पुरात सरकारवाड्याच्या पायऱ्यांना पाणी लागलं तेव्हा आजी मामाला काखेत मारून बघायला गेली होती. नंतर आठवडाभर सराफ बाजारातल्या ओळखीच्या दोन घरांचा भांड्यांतला गाळ काढत बसली. २०१६ च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा मी पुण्याहून घाबरून फोन केला. "काळजी करू नकोस, अजून गळ्याशीच आहे," ती म्हणाली. मला दोन मिनिटं कळलं नाही ती मारुतीबद्दल बोलतेय.

शेवटच्या दुखण्यात ही भाषा तिने डॉक्टरांना शिकवली. मूळचे सोलापूरचे तरुण डॉक्टर रोज विचारायचे, "आजी, आज कसं वाटतंय?" आजी म्हणायची, "कमरेपर्यंत." ते बिचारे कंबर तपासायचे. मामाने समजावल्यावर त्यांना मजा वाटली. राउंडला आले की स्वतःच विचारू लागले, "कुठपर्यंत आलं पाणी?" मी भेटायला गेले त्या रविवारी तिने हात वर नेला, कपाळावर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. मंगळवारी गेली.

घाटावर बुधवारचा बाजार भरत होता. आईने मेथी घेतली, भाव करताना आवाज अगदी आजीचा. मग काळाराम मंदिर. काळ्या दगडाचा सभामंडप, सकाळची आरती झालेली, गर्दी बेताची. इथल्या दारापाशी २ मार्च १९३० ला सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकर आणि दादासाहेब गायकवाडांच्या मागे हजारो माणसं उभी राहिली, आणि ते १९३५ पर्यंत चाललं, तरी दार उघडलं नव्हतं. आजीच्या जन्माआधीची गोष्ट. तिच्या सासूने ती गर्दी बघितली होती. आजी सांगायची त्यात मात्र फक्त त्या वर्षी रथ कसा अडला ते असायचं, कशासाठी ते नसायचं. आई दर्शनाला आत गेली नाही. कप पिशवीत होता, ती बाहेर पायरीवर बसून राहिली. आम्ही त्यावर बोललो नाही.

दुपारी मामाच्या मुलाबरोबर पांडवलेणी. आईच्या गुडघ्यांनी खालीच हात जोडले. दर मे महिन्यात आजी आम्हा नातवंडांना इथे हाकत आणायची. हातात दशम्यांचा डबा, डोक्यावर ओला पंचा. दोनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, ती मोजायची आणि दर वर्षी आकडा वेगळा यायचा. पांडवांचा इथे काही संबंध नाही, ही बौद्ध लेणी, शिलालेखात या डोंगराचं नाव तिरण्हु येतं. आजीला थंड दगडाशी मतलब. तिसऱ्या लेण्याच्या ओसरीत ती पाय पसरून बसायची. त्या लेण्याची दर्शनी बाजू सहा यक्ष खांद्यावर तुळया घेऊन तोलतायत. आजीला त्यांची फार दया यायची. "दोन हजार वर्षं झाली, कोणी बाम तरी लावला का?"

एका वर्षी कुठल्याशा कॉलेजची सहल आली होती आणि त्यांचे सर ओसरीतला मोठा लेख वाचून दाखवत होते. आजी उठून पुढे जाऊन उभी राहिली. लेख गौतमी बलश्रीचा. गौतमीपुत्र सातकर्णीची आई. मुलगा गेल्यावर, नातू पुळुमावी राज्यावर असताना, त्याच्या एकोणिसाव्या वर्षी तिने हे लेणं भिक्षूंना दिलं आणि मुलाचं कौतुक दगडात कोरून ठेवलं: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं वगैरे. स्वतःबद्दल म्हणते, महाराजाची माता, महाराजाची पितामही. नातवाने आजीला बरं वाटावं म्हणून लेण्याच्या खर्चासाठी एक गाव दिलं, तेही लिहिलंय. आणि तिथे आजीसाठी शब्द आहे ‘अय्यका’. आपल्या ‘आजी’चीच पणजी म्हणायची.

आजीने सगळं ऐकून घेतलं. मग सरांना म्हणाली, "म्हणजे भांड्यावर नाव घातलंय की हो." पोरं हसली. आजी आमच्याकडे वळली. "बघा. नातवाने गाव दिलं. तुम्हाला साधं पाणी आण म्हटलं तर एकमेकांकडे बघता."

पुढे कित्येक वर्षं काही हवं असलं की ती म्हणायची, अय्यकेला चहा टाका. या वेळी मी त्या ओसरीत बसून मोबाइलच्या उजेडात ते अक्षर शोधत होते. ब्राह्मी मला वाचता येत नाही. मामाचा मुलगा म्हणाला, "हे असेल बघ," आणि त्याने दाखवलं ते मलाही पटलं. असेलच असं नाही.

गुरुवार

कढई आणायला जायचं आईने रात्रीच ठरवून टाकलं होतं. मामाने कपाळाला हात लावला, पण पत्ता दिला. पवननगरच्या बाजूला, सिडकोतलं जुनं घर, वर मजला चढवलेला. आई रस्ताभर घोकत होती, "आपण सहज भेटायला आलोय. विषय निघाला तर निघाला."

दार सुनेने उघडलं. आत पलंगावर त्या काकू. नव्वदीच्या, डोळ्यांनी जवळपास दिसत नाही. आईने नाव सांगितलं.

"बेबी ना तू?" त्या म्हणाल्या. "कढई न्यायला आलीस."

आई काय बोलणार. मीच बाहेर बघितलं. गॅलरीत कढई होती. माती भरलेली, तिच्यात कोरफड, काठावर हिरवा कळंक आणि त्यातून आजोबांच्या नावाचे ठिपके अजून लागत होते हाताला.

"पावसाळ्यात कोरफड कुजते दर वर्षी," सून म्हणाली. "भोक पाडून देत नाहीत आत्या. म्हणतात, दुसऱ्याचं भांडं आहे."

मग काकूंनी सांगितलं, आणि पंचेचाळीस वर्षं ऐकलेली गोष्ट उलटी झाली. कढई नेण्याच्या आधी, मामाच्या मुंजीला, आजीने त्यांच्याकडून वेळणी नेली होती. रुखवतातली, त्यांच्या आईने नाव घालून दिलेली. ती परत आली नाही. "मी म्हटलं, वेळणी आण, कढई ने. ती म्हणाली, कुठली वेळणी? तिच्या वहीत नव्हती ना."

वहीत नव्हतीच. वहीत दिल्याची नोंद होती, आणल्याचं पानच नव्हतं. दोघी दर संक्रांतीला एकमेकींना तिळगूळ द्यायच्या, हळदीकुंकवाला जायच्या, कढई-वेळणीचं अवाक्षर नाही. आई माझ्याकडे बघत होती. वेळणी काल पोत्यातून भांडी बाजारात गेली होती.

रिक्षाने परत जुन्या नाशकात. मोडवाल्याच्या दुकानात मागच्या बाजूला ढीग, त्यात मी आणि मावशी गुडघ्यांवर बसून हात काळे करत होतो. आजीचं घंगाळ तिथे आडवं पडलेलं दिसलं, मी नजर काढून घेतली. अर्ध्या तासाने वेळणी निघाली, एका कडेला चेपलेली. काल मोडीच्या भावाने दिली ती आज भांड्याच्या भावाने घेतली. दुकानदार म्हणाला, "ताई, धंदा आहे." आजी असती तर त्याला रात्रीपर्यंत बाहेर येऊ दिलं नसतं.

दुपारी पुन्हा सिडको. काकूंनी वेळणी मांडीवर घेतली आणि अंगठा कडेवरून फिरवत नेला. ठिपक्यांपाशी थांबला, पुढे सरकला, परत मागे आला. दिसत नाही, पण त्यांनी स्वतःचं नाव वाचलं. मग सुनेला म्हणाल्या, "कोरफड काढ. आणि चिंच भिजत घाल."

"राहू द्या हो काकू," आई म्हणाली, "आम्ही घासू घरी."

"उसनं भांडं घासून परत द्यायचं असतं."

चिंच, मीठ, नारळाची शेंडी. सून आणि मी मोरीत बसून आळीपाळीने घासत होतो, त्या पलंगावरून आवाजाने ओळखत होत्या कुठे कमी पडतंय ते. "तळाला. कडीच्या मागे." पाचची गाडी गेली. चहा झाला, मग पोहे झाले. हळूहळू पितळ वर आलं, आधी काठ, मग पोट. मामाने कल्हई करून घ्यायला सांगितलं फोनवर, नाहीतर आमटी कळकेल म्हणून.

काकूंनी कढई दोन्ही हातांनी आईकडे दिली. आईने घेतली, उजेडात धरली, फिरवून पोचे बघितले, बोटाने वाजवून बघितली. मग पर्समधून ती लाल वही काढली, पान उघडलं, पेनाचं टोपण काढलं आणि थांबली. चष्मा नाकावर खाली ओढून तिने वरून काकूंकडे बघितलं.

"आणि झारा?"